खड्यांची गौर कोणी आणायची?

  म्हसळा तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही आज तुमच्याशी बोलतोय. ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. हे बोलणं एकटीचं नाहीच. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की चहा होईपर्यंत जे बोलणं निघतं, त्यातून हे आलंय. मेंदडी, खरसई, पाभरे, वरवठणे, जिथे असाल तिथे हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आमच्या मुस्लिम बहिणींनीही ऐका, कारण या बोलण्याची सुरुवात तुमच्यातल्याच एकीने करून दिली. ती कशी, ते पुढे येईल.

विषय आहे देव्हाऱ्यातल्या दगडाचा.

कोणाचा राग आला की आपण म्हणतो, नुसता दगड आहेस. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतो. आणि सकाळी उठून तोच दगड ताम्हनात घेतो, त्याला आंघोळ घालतो, गंध लावतो, फूल वाहतो. पूर्वी घरात मुलं जगत नसत तेव्हा पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, दगडी असं ठेवायचे. नाव असं साधं ठेवलं म्हणजे काळाची नजर पडत नाही आणि पोर दगडासारखं टिकतं, अशी समजूत. म्हणजे टाकून बोलायलाही दगड आणि जीव लावायलाही दगडच.

घरातल्या देव्हाऱ्यात बघा. टाक असतील, बाळकृष्ण असेल, माहेराहून आलेली अन्नपूर्णा असेल, फोटो तर असतातच. त्यांच्यात एखादा काळा गुळगुळीत गोटा असतो, एखादा लांबट बाण असतो. काही जुन्या घरांत पाच दगडांचं पंचायतन असतं. विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीतला, शंकराचा बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीतला, देवीचा दगड आंध्रातल्या सुवर्णमुखी नदीतला आणि सूर्याचा स्फटिक. जिने म्हसळ्याच्या एसटी स्टँडच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नाही, तिच्या देव्हाऱ्यात वाटीभर जागेत एवढा मुलुख मांडलेला असतो.

शाळिग्रामाबद्दल थोडं सांगतो, कारण बैठकीत त्यावर खूप हसणं झालं. शाळिग्रामात जे चक्र दिसतं, ते अमोनाइट नावाच्या एका समुद्री प्राण्याच्या कवचाची खूण आहे. हा प्राणी आपल्या म्हाकुलाच्या लांबच्या नात्यातला. तो पृथ्वीवरून नाहीसा होऊन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. तो जिवंत होता तेव्हा हिमालयाच्या जागी समुद्र होता. पुढे समुद्राचा तळ उचलला गेला, चिखलाचा दगड झाला, आणि गंडकीने तो डोंगरातून घासत घासत खाली आणला. हे सांगितल्यावर आम्हाला वाटलं, कोणाला तरी वाईट वाटणार. पण आमच्यातल्या एक कोळीण आजी म्हणाल्या, म्हाकुलाच्या भावकीतला म्हणजे तो आमच्याच दर्याचा, मग त्याला भटाघरी कोणी नेला? सगळ्या हसल्या. देवपण काही कुणाच्या मनातून गेलं नाही.

हे सांगायचं अजून एक कारण आहे. मध्यंतरी वाड्यांवर एक माणूस शाळिग्राम विकत फिरत होता. सिद्ध केलेला आहे, घरातलं कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल, असं सांगत होता. किंमत सांगत होता हजारांत. आमच्या एका गटातल्या वहिनींनी त्यासाठी अंतर्गत कर्जाचा अर्ज आणला. गटाने कर्ज दिलं नाही, आणि त्या आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. आमचं म्हणणं सरळ आहे. शाळिग्राम घरात चालत आलेला असतो, आजेसासूकडून सासूकडे, सासूकडून सुनेकडे. कर्ज फेडायचं तर हप्ता भरावा लागतो. काळा दगड कोरून, भोक पाडून, पॉलिश करून कोणीही देऊ शकतो, आणि दारात उभं राहून त्याची पारख तुम्हाआम्हाला होणार नाही.

देवाला सोन्याची किंमत आली की काय होतं, ते आपण शेजारीच पाहिलंय. दिवेआगरला १९९७ साली बागेत सुवर्णगणेश सापडला. गाव बहरलं, खानावळी चालल्या, बायकांच्या हाताला काम मिळालं. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, मूर्ती गेली आणि देवळाच्या राखणीला असलेल्या दोन माणसांचे जीव गेले. देव्हाऱ्यातला गोटा चोरायला कोणी येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हाचंही आठवा. पत्रे उडाले, कौलं फुटली, माड-सुपारी आडवी झाली. देवांचे फोटो भिजून लगदा झाले. दुसऱ्या दिवशी बायका पडलेल्या भिंतीच्या मातीत हात घालून देव शोधत होत्या. बाण सापडला की पदराला पुसून कपाळाला लावत होत्या. त्याला काही झालेलं नव्हतं.

स्वयंपाकघरातले दगडही विसरू नका. लग्नात जात्याला हळदकुंकू वाहून सवाष्णी हळद दळतात. बाळ जन्मलं की पाचवीला, सटवाईच्या रात्री, पाटा-वरवंटा पुजतात. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून देतात. मिक्सर आला आणि पाटा मागच्या पडवीत गेला. आता एकेका वाडीत धड वरवंटा दोन-तीनच घरांत उरलाय. बारसं निघालं की शोधाशोध होते, आणि तो एकच वरवंटा जात-पात न विचारता घरोघर फिरून येतो. या पूजांना मंत्र लागत नाहीत, गुरुजी लागत नाहीत. बायकांनीच मांडायच्या, बायकांनीच उचलायच्या.

तशीच आपली गौर.

काही घरांत मुखवट्याची गौर असते, आपल्याकडे पुष्कळ घरांत तेरड्याची. तेरडा मुळासकट उपटून आणतात, त्याला साडी नेसवतात, आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो. आणि काही घरांत खड्यांची गौर असते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. येण्याच्या दिवशी घरातली बाई तांब्या घेऊन नदीवर, पऱ्ह्यावर नाहीतर विहिरीवर जाते. पाण्यातले पाच किंवा सात खडे निवडते, हळदकुंकू वाहते, तांब्यात घेते. येताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. काही घरांत तोंडात पाण्याची चूळ धरतात, म्हणजे बोलायचा मोहच नको. दारात तिच्या पायांवर दूधपाणी घालतात, आत कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यांवरून ती घरभर फिरते. माजघर दाखवायचं, दूधदुभतं दाखवायचं, तांदळाचं पिंप दाखवायचं. मग खडे गणपतीशेजारी बसतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. नव्या सुनेचा ववसा असेल तर सुपं भरायची. तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात, आणि येताना तिथली मूठभर वाळू आणून घरात, परसात टाकायची.

यात आम्हाला सगळ्यात काय आवडतं सांगू? हे खडे काल कोणी नव्हते. त्यांच्यावर धुणं आपटलं जात होतं, म्हशी पाय देत होत्या. बाईने हात घातला, उचललं, तांब्यात ठेवलं, आणि ती गौर झाली. तीन दिवसांनी पुन्हा पाण्यात. शाळिग्रामाला आवाहन-विसर्जन नसतं, तो कायमचाच देव मानतात. गौरीला मात्र आणावं लागतं. आणणारी नसेल तर गौर नाही.

आणि इथेच आमची गाडी अडली.

आमच्या एका गटात एक काकी आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दीर, जावा, मुलं सगळी मुंबईकडे, कोणी डोंबिवलीला, कोणी नालासोपाऱ्याला. घर मोठं, चौसोपी नव्हे पण पुढे-मागे पडवी असलेलं, आणि त्यात राहतात एकट्या काकी. वर्षाचे तीनशे पन्नास दिवस देवाजवळ दिवा त्याच लावतात. देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे, बाण आहे. जुन्या पोथ्यांत बाईने शाळिग्रामाला हात लावू नये असं लिहिलंय. पण पुरुष मुंबईला गेल्यावर कोकणात शाळिग्राम धुतले कोणी? बायकांनीच. तेव्हा कोणी पोथी काढली नाही. (पाळीच्या चार दिवसांचा विषय यातच येतो, पण तो मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू.) गणपतीला दीर येतात, सोवळं नेसून पूजेला बसतात, आणि काकी मागून समई, फुलं, पंचामृत हाताशी देतात.

गौरीच्या दिवशी काकींना खडे आणता येत नाहीत. त्यासाठी सवाष्ण लागते. जाऊबाईंना रजा मिळाली तर त्या आणतात, नाहीतर शेजारच्या वहिनींना बोलवायचं. काकी आदल्या दिवशी विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून ठेवतात, तांब्या चिंचेने लख्ख करतात, चांगले खडे कुठे आहेत ते बोट दाखवून सांगतात, आणि मग चार पावलं मागे जाऊन उभ्या राहतात. तीन वर्षांपूर्वी जाऊबाईंना यायला जमलं नाही आणि शेजारच्या घरात सोयर होतं. काकी दुपारपासून रिकामा तांब्या घेऊन पडवीत बसून होत्या. दुसऱ्या वाडीतून एक सवाष्ण आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घावनाचं पीठ सकाळपासून भिजलेलं तसंच.

काकींनी बैठकीत हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हप्त्याला उशीर का झाला, त्याचं कारण सांगताना त्या सहज बोलून गेल्या. तेव्हा आमच्या मुस्लिम ताईंनी विचारलं, तुमच्यातलं मला कळत नाही, चुकलं तर माफ करा, पण वर्षभर दिवा ह्याच लावतात ना? मग त्या दिवशी दुसरी कशाला?

कोणी बोलेना. मग एक वहिनी म्हणाल्या, पद्धत आहे. कुणाची पद्धत, कुठे लिहिलीय, ते काही सांगता आलं नाही. खडे आणायला गुरुजी येत नाहीत, मंत्र नाही. मग हा नियम कुणाच्या तोंडून चालत आला? आपल्याच. म्हणून तो बदलायचा तर परवानगी मागायलाही बाहेर जायचं कारण नाही.

पण हे बोलणं सोपं आहे, आणि समोर बसलेलीला भीती वाटते ती खरी असते. दुसऱ्या एक वहिनी स्पष्ट म्हणाल्या, आमचे हे बोटीवर असतात, पावसापाण्यात जीव टांगणीला असतो, उद्या काही कमी-जास्त झालं तर सगळे मलाच म्हणतील, विधवेने आणलेल्या गौरीचं हळदकुंकू घेतलंस. या भीतीला आम्ही वेडेपणा म्हणणार नाही. काही वाईट घडलं की बोट बाईकडेच दाखवतात, हे तिने आयुष्यभर पाहिलंय. विधवेला बाजूला ठेवतो तेव्हा आपण तिच्यावर रागावलेलो नसतो. तिच्या जागी आपण जाऊ, याची ती धास्ती असते.

यावर उत्तर आम्ही दिलं नाही. गटातल्याच दुसऱ्या एकल बाईने दिलं. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, गौर माहेरवाशीण म्हणून येते ना? माझी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा दारात मीच उभी होते. भाकरतुकडा मीच ओवाळून टाकला. ती काय म्हणाली, आये, तुझ्या कपाळाला कुंकू नाही, मी परत जाते?

त्या दिवशी चहा गार झाला.

पुढच्या बैठकांत आम्ही काही माहिती नेली. आपल्या खाडीपलीकडच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. नाव पाहा, धोंडो. त्यांनी १८९३ साली विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुढे १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तिथून पुढे बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं. दुसरी गोष्ट अलीकडची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं, असं कळवलं. कागद चांगला आहे. गावात कोणी अडवायला लागलं तर दाखवता येतो. पण विहिरीच्या पायरीवर कागद उतरत नाही, तिथे पाय आपलाच लागतो.

गेल्या भाद्रपदात काकींनी गौर आणली. ठराव नाही, भाषण नाही, फोटोही नाहीत. आमच्यातल्या दोघी बरोबर होतो. पाऊस भुरभुरत होता. काकींनी पदर खोचला, तोंडात चूळ धरली, पायऱ्या उतरल्या आणि गुडघाभर पाण्यात हात घातला. पाच खडे काढायला त्यांना बराच वेळ लागला. हातात घ्यायच्या, बघायच्या, परत सोडायच्या. इतकी वर्षं त्या बोट दाखवून देत होत्या ते खडे त्यांनी घेतलेच नाहीत, वेगळेच निवडले. येताना रस्त्यात एका घरातले भाऊजी पडवीतून मोठ्याने काही विचारत होते. चूळ तोंडात असल्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. या रीतीचा असाही उपयोग आहे.

दारात काकींच्या पायांवर दूधपाणी घालायला त्यांची पुतणी होती, कॉलेजात जाणारी. कुंकवाची पावलं तिनेच काढली होती, एक पाऊल जरा वाकडं.

दुसऱ्या दिवशी हळदकुंकवाला गटातल्या आम्ही सात जणी गेलो. दोघींनी निरोप पाठवला, घरी पाहुणे आहेत. बोटीवाल्या वहिनी आल्या, पडवीत बसल्या, घावन-घाटलं खाल्लं, कुंकू मात्र घेतलं नाही. त्यांना कोणी आग्रह केला नाही. त्या गटातच आहेत, त्यांचा हप्ता सगळ्यांच्या आधी येतो. काकींनी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं का, असं आम्हाला नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. नाही लावलं. त्यांना नको होतं. गौर आणायची इच्छा होती, ती आणली. दोन्ही गोष्टींची गाठ आपण घालू नये. जाऊबाईंचा मुंबईहून फोन आला. आधी बराच वेळ त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, घाटल्याला गूळ किती घातलात?

यंदा आणखी दोन वाड्यांतून आमच्याकडे विचारणा आली आहे. एका घरात सासूबाईंनी स्वतःहून विषय काढलाय, पण सून घाबरते. दुसरीकडे तेरड्याची गौर आहे आणि तिथे प्रश्न वेगळाच आहे. नवऱ्याने टाकलेली मुलगी माहेरी राहते, तिला सवाष्ण म्हणायचं की नाही यावरच घरात वाद आहे. तिथे काय होतं ते आम्हालाही बघायचंय. गणपतीच्या आधीच्या बैठकीत दोन्हीवर बोलणं होईल. बैठक नेहमीप्रमाणे दुपारी तीनला, जेवणं-भांडी आटोपल्यावर. येताना पासबुकं आणा, शिक्के मारायचे राहिलेत. आणि काकींच्या विहिरीचा गाळ पावसाआधी काढायचा राहिला होता, आता उघडीप मिळाली की पायऱ्या तरी घासून घेऊ. ज्यांना जमेल त्यांनी नारळाच्या काथ्या आणि खराटे घेऊन या. तुमच्या गावात खडे कोण आणतं, ते आम्हाला जरूर कळवा.